कायटोसानच्या कॅप्सूल: सहा महिन्यांनंतर

पोटासाठी घेतलेल्या कायटोसानची बाटली परवा उघडली तर कॅप्सूल एकमेकींना चिकटून गोळा झालेला. या पावसाळ्यात तिसऱ्यांदा! ६० कॅप्सूलचे ८४० रुपये, म्हणजे एक १४ रुपयांना पडते, आणि आत ओलावा शोषणारी पुडी नखाएवढी. फोटो पाठवले तर कंपनीचं उत्तर आलं, 'कोरड्या जागी ठेवा.' रत्नागिरीत जुलै-ऑगस्टमध्ये कोरडी जागा आणायची कुठून? कायटोसान हवेतला ओलावा ओढतं, मग पट्टीत पॅक करायला काय हरकत आहे?

गुडघ्यासाठी वर्षभर डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक घेतलं आणि पोटाची वाट लागली. फेब्रुवारीत एंडोस्कोपी झाली, जठराच्या अस्तराला सूज आणि दोन बारीक जखमा निघाल्या. डॉक्टरांनी ते बंद करून पॅन्टोप्राझोल, म्हणजे आम्ल कमी करणारं औषध, दिलं. कायटोसान मी माझ्या मनाने सुरू केलं.

कोळंबी-खेकड्याच्या सालीत कायटिन असतं, त्यावर कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया केली की कायटोसान मिळतं. ते आम्लात विरघळतं, त्याच्यावर धनभार येतो आणि जठरातल्या ऋणभारित श्लेष्म्याला, म्हणजे अस्तरावरच्या चिकट थराला, ते चिकटतं. मी घरी करून पाहिलं. एक कॅप्सूल फोडून व्हिनेगरमध्ये टाकली, सकाळी पेजेवरच्या निवळीसारखा चिकट द्राव तयार. साध्या पाण्यातली भुकटी मात्र तशीच तळाशी. ते पाहून माझा विश्वास फार वाढला. दोन महिन्यांत जळजळ थांबली, तेव्हा सगळ्यांना हेच घ्या म्हणून सांगत होतो.

ते आता मागे घेतो. जूनमध्ये गुडघा पुन्हा धरला, चार दिवस डायक्लोफेनॅक घेतलं, सोबत कायटोसानही चालू होतंच. पाचव्या दिवशी छातीपर्यंत आग. मग डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, जठराच्या जखमांवर याचे जे प्रयोग झाले ते बहुतेक उंदरांवर, तुमचं पोट वेदनाशामक थांबल्यामुळे आणि पॅन्टोप्राझोलने सुधारलं. मला ते पटलं.

कायटोसानने बद्धकोष्ठ होतो, पाणी भरपूर प्यावं लागतं. वॉरफरिन (रक्त पातळ करणारं औषध) घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये. कोळंबीची ॲलर्जी असलेल्यांनी तर नाहीच, आणि ते 'कवचधारी जलचरांपासून' हे शब्द बाटलीवर भिंग लावून वाचावे लागतात. माझ्या शाकाहारी मेहुणीने दोन आठवडे घेतल्यावर तिला ते कळलं. फार वाईट वाटलं तिला, आणि मलाही, कारण मीच सांगितलं होतं.

उरलेल्या २२ कॅप्सूल स्टीलच्या डब्यात ठेवल्यात. कंपनीला तिसरी मेल केली आहे. पैसे परत हवेत, नवी बाटली नको.