पीएचडी कशात करावी? अर्थशास्त्र, भौतिकशास्त्र, डिझाइन आणि अभियांत्रिकी

संशोधनाकडे वळू पाहणारी मुलं विषय निवडताना प्रवेश परीक्षा, फेलोशिप आणि पुढची नोकरी तोलून बघतात. ते बघायलाच हवं. पण पाच-सहा वर्षं रोज ज्याच्याशी गाठ पडते, त्या गोष्टीचा विचार फार थोडे जण करतात: आपलं चुकतंय हे आपल्याला कोण सांगतं आणि किती दिवसांनी? या चार क्षेत्रांतला खरा फरक मला तिथे दिसतो.

अभियांत्रिकी आणि भौतिकशास्त्र यांत अडकलेल्यांनी एकदा नारायणगावजवळच्या खोडदला जाऊन यावं. तिथल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या 30 अँटेना आहेत, प्रत्येकीचा व्यास 45 मीटर. एवढ्या डिश भरीव पत्र्याच्या केल्या असत्या, तर वारा झेलायलाच अवाढव्य सांगाडा लागला असता आणि खर्च आवाक्याबाहेर गेला असता. ही दुर्बीण उभारणारे खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ताणलेल्या स्टीलच्या दोरांवर तारांची जाळी बसवली. वारा आरपार जातो, आणि लांब रेडिओलहरींना मात्र ती जाळी आरशासारखीच वाटते. हे अभियांत्रिकीचं संशोधन. वजन, खर्च आणि अचूकता यांच्या ओढाताणीतून वाट काढायची. जमलं की नाही, हे यंत्र सांगतं. कधी त्याच दुपारी, कधी नमुना मोडल्यावर. ज्यांना हातात काहीतरी चालताना बघितल्याशिवाय चैन पडत नाही, त्यांनी इकडे यावं.

त्याच अँटेना वापरून भौतिकशास्त्राचा विद्यार्थी वेगळंच आयुष्य जगतो. पल्सार, म्हणजे घड्याळासारखे नियमित रेडिओ ठोके देणारे तारे; त्यांचे ठोके वर्षानुवर्षं मोजायचे आणि त्यांच्या वेळेत सूक्ष्म फरक पडतो का, ते बघायचं. अवकाशात उठणाऱ्या अतिमंद तरंगांच्या, म्हणजे गुरुत्वीय लहरींच्या, अशाच शोधात जीएमआरटीचा डेटा युरोपीय गटाच्या सुमारे 25 वर्षांच्या नोंदींना जोडला गेला आणि जून 2023 मध्ये निष्कर्ष जाहीर झाले. तेव्हाही शास्त्रज्ञांनी ‘पुरावा मिळाला’ एवढंच म्हटलं, ‘शोध लागला’ असं म्हटलं नाही. हा संयम मला या विषयाचं सगळ्यात मोठं वैभव वाटतं. इथे चूक दाखवतो तो आधी स्वतःच्याच गटातला माणूस. उपकरणातला गोंगाट कुठला आणि निसर्गाचा संकेत कुठला, हे वेगळं काढण्यात महिने जातात. मोठ्या प्रयोगांत तुमचं नाव गर्दीत असतं, हेही आधीच स्वीकारावं लागतं. हिग्ज बोसॉन या मूलकणाच्या वस्तुमानावरच्या 2015 च्या पेपरवर पाच हजारांहून जास्त नावं होती. सैद्धान्तिक भौतिकशास्त्रात मात्र दोन-तीन जणांत काम चालतं.

अर्थशास्त्राबद्दल जास्त सांगावंसं वाटतं, कारण त्याबद्दलचे गैरसमजही जास्त. बातम्या आणि धोरणांची आवड आहे म्हणून येणाऱ्याला पहिल्याच वर्षी गणित आणि इकॉनॉमेट्रिक्स (आर्थिक आकड्यांचं संख्याशास्त्र) गाठतं. उलट गणित पक्कं असलेले इंजिनीअर इथे चांगले रमतात. इथे वाद पेटतो तो मोजायचं काय, यावर. पुण्याच्या गोखले संस्थेतल्या वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी 1971 मध्ये भारतातल्या दारिद्र्याचा अभ्यास मांडला, तेव्हा माणशी रोज 2,250 कॅलरी मिळतील इतका खर्च ही दारिद्र्यरेषा धरली. रेषा जरा सरकवली की कोट्यवधी माणसं इकडची तिकडे होतात, म्हणून अशा रेषांवर पुढे कित्येक दशकं वाद झडले. आणि चूक कळायला वेळ लागतो. सरकारी कर्ज जीडीपीच्या 90 टक्क्यांपुढे गेलं की वाढ खुंटते, असं राइनहार्ट आणि रोगॉफ या अर्थशास्त्रज्ञांनी 2010 मध्ये मांडलं. 2013 मध्ये थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याला तेच आकडे पुन्हा मांडून बघताना एक्सेलमधली चूक सापडली. मधल्या काळात अनेक देशांत सरकारी खर्चकपातीच्या बाजूने त्या निष्कर्षाचा दाखला दिला गेला होता. आपल्या आकड्याने कुणाच्या तरी ताटातलं कमी-जास्त होऊ शकतं, हे ओझं पेलायची तयारी असेल तरच या. पेपर छापून यायलाही पुष्कळदा दोन-तीन वर्षं लागतात.

डिझाइनमधलं संशोधन म्हणजे देखणी वस्तू करणं, असं घरच्यांना वाटतं. व्हायवाला, म्हणजे प्रबंधाच्या तोंडी परीक्षेला, परीक्षक विचारतात ते दुसरंच: या एका वस्तूपलीकडे दुसऱ्या डिझाइनरच्या उपयोगी पडेल असं काय हाती लागलं? देवनागरी अक्षरांचंच घ्या. संगणकावरचा मंगल टाइपफेस घडवणारे र. कृ. जोशी आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात शिकवत. जोडाक्षरं, वर-खाली येणाऱ्या मात्रा, छोट्या पडद्यावरची वाचनीयता यांवर आजही करण्यासारखं खूप आहे, आणि मराठी वाचणाऱ्यानेच ते करावं असं मला मनापासून वाटतं. इथे चूक सांगतो वापरणारा माणूस, तीही बोलून नाही, अडखळून. ते अडखळणं टिपायचं धैर्य आणि पद्धत दोन्ही लागतात. भारतात डिझाइनमध्ये पीएचडी केलेले गाइड कमी आहेत, ही अडचण खरी.

पैशांचं थोडक्यात: नेट ही परीक्षा देऊन जेआरएफ ही संशोधन फेलोशिप मिळाली तर जानेवारी 2023 पासूनच्या दराने पहिली दोन वर्षं महिना 37,000 आणि नंतर 42,000 रुपये, शिवाय घरभाडं. अभियांत्रिकीत गेट परीक्षेच्या जोरावर येणारे बरेच. डिझाइनसाठी सीड परीक्षेची माहिती काढा. भौतिकशास्त्रात जेस्ट ही प्रवेश परीक्षा आहे, टीआयएफआर या मुंबईच्या संशोधन संस्थेची स्वतःची परीक्षा आहे. पीएचडीनंतर थेट उद्योगात जाण्याची वाट अभियांत्रिकीत सर्वांत रुळलेली. भौतिकशास्त्रात प्राध्यापक व्हायचं तर एक-दोन पोस्टडॉक (पीएचडीनंतरची तात्पुरती संशोधनपदं) धरूनच चाला, बहुधा परदेशात.

अजूनही ठरत नसेल तर शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर जा. ज्यांच्याकडे काम करायचं मनात आहे, त्या गाइडच्या विद्यार्थ्यांचे दोन-तीन प्रबंध उघडा आणि प्रस्तावना सोडून थेट पद्धतीचं प्रकरण वाचा. तिथे लिहिलेलं काम उद्या सकाळी सुरू करावंसं वाटलं, तर त्या गाइडना ईमेल करा.