ऑइल खाणाऱ्या जुन्या इंजिनची तपासणी : पुण्यातील एका गॅरेजचा अनुभव

माझी गाडी 2007 सालची आहे, 1.3 लिटरचे चार सिलिंडरचे, सोळा व्हॉल्व्हचे साधे पेट्रोल इंजिन असलेली ही गाडी 1,48,000 किलोमीटर चालली आहे. गेल्या वर्षभरात ती ऑइल खाऊ लागली. दोन सर्व्हिसिंगच्या मध्ये कधी डिपस्टिक (ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी) पाहण्याची गरज पडत नव्हती, तिथे महिन्यातून एकदा अर्धा लिटर ऑइल ओतावे लागू लागले. पहिल्या गॅरेजमध्ये सायलेन्सरच्या तोंडाला बोट लावून काजळी पाहिली गेली आणि इंजिन उतरवून रिंग-पिस्टनचे काम (पिस्टन आणि त्यावरच्या कड्या बदलणे) करावे लागेल, खर्च पंचावन्न हजारांच्या आसपास येईल, असे पाच मिनिटांत सांगण्यात आले. दुसऱ्या ठिकाणी 20डब्ल्यू-50 हे जाड ऑइल भरून पाहा, असा सल्ला मिळाला. जाड ऑइलने वापर थोडा कमी दिसतोही, पण ते कुठून जाते हा प्रश्न तसाच राहतो आणि सकाळच्या थंड इंजिनमध्ये ते वरपर्यंत पोहोचायला वेळ लावते.

तिसऱ्या खेपेला ज्या गॅरेजमध्ये गेलो, त्याविषयी हे लिहितो आहे. येथे तपासणीचे पैसे वेगळे घेतले जातात, दुरुस्ती करून घ्या किंवा घेऊ नका. मला 2,200 रुपये लागले आणि माझ्या मते ते या सगळ्या खर्चातले सर्वांत सत्कारणी लागलेले पैसे होत.

मिस्त्रींनी पाना उचलण्याआधी बराच वेळ प्रश्न विचारले. धूर दिसतो का, कोणत्या रंगाचा, नेमका केव्हा दिसतो? मी सांगितले की रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सुरू केली की निळसर धुराचा एक लोट येतो आणि मिनिटभरात थांबतो. शिवाय पाचगणीहून पसरणीचा घाट दुसऱ्या गिअरमध्ये उतरून वाईजवळ सपाटीला लागल्यावर ॲक्सिलरेटर दाबला, तेव्हा मागच्या आरशात तसाच लोट दिसला होता. चढावर किंवा महामार्गावर मात्र धूर दिसत नव्हता. हे ऐकल्यावर त्यांनी केलेला खुलासा मला आजवर कोणी केला नव्हता. घाट उतरताना थ्रॉटल बंद असतो आणि चाके इंजिनला फिरवत असतात. त्यामुळे इनटेक मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांमध्ये, जोराची पोकळी तयार होते आणि व्हॉल्व्हच्या दांड्यांवरचे रबरी ऑइल सील उष्णतेने कडक झालेले असतील, तर वरचे ऑइल, दांडी ज्यात सरकते त्या गाइडमधून, खाली ओढले जाते. रात्री उभ्या गाडीत तेच ऑइल हळूहळू झिरपून साचते आणि सकाळी पहिल्याच मिनिटात जळते. रिंगा गेलेल्या असत्या, तर धूर बहुधा चढावर, इंजिनवर भार असताना जास्त दिसला असता.

एवढे पटण्याजोगे कारण हाती असूनही त्यांनी त्यावर शिक्कामोर्तब केले नाही, आणि या गॅरेजची खरी किंमत मला तिथे कळली. “काका, इंजिन कधीही उघडता येईल; पण एकदा उघडलं की धूर कधी नि कसा येत होता ते परत बघता येत नाही,” असे ते म्हणाले. प्रथम इंजिन बाहेरून धुऊन घेतले, म्हणजे नवी गळती लपणार नाही. मग ऑइल डिपस्टिकच्या वरच्या खुणेपर्यंत भरले, चेंबरच्या (इंजिनच्या तळाच्या ऑइल टाकीच्या) बोल्टवर आणि फिल्टरवर रंगाचे ठिपके दिले, म्हणजे मध्ये कोणी ते उघडले तर कळावे, किलोमीटर लिहून घेतले आणि 1,000 किलोमीटर चालवून आणायला सांगितले. मधल्या काळात दर रविवारी सपाट जागी, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी डिपस्टिक पाहून नोंद ठेवायची होती. परत आल्यावर खुणेपर्यंत किती ऑइल लागते ते मोजपात्राने मोजले : 620 मिलिलिटर. काही उत्पादकांच्या मालकपुस्तिकेत 1,000 किलोमीटरला 1 लिटरपर्यंतचा वापर मर्यादेत धरलेला असतो, हेही त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले. परंतु जी गाडी पूर्वी जवळजवळ काहीच खात नव्हती, तिच्यातला हा बदल दुर्लक्ष करण्यासारखा नव्हता; शिवाय जळणाऱ्या ऑइलमुळे धुरातले प्रदूषण कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही कालांतराने निकामी होतो.

दुसऱ्या भेटीत कम्प्रेशन घेतले, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते मोजले. इंजिन गरम, चारही प्लग काढलेले, थ्रॉटल पूर्ण उघडा. आकडे 160 ते 170 पीएसआयच्या दरम्यान, चारही सिलिंडरचे जवळजवळ सारखे आले. मी सुटकेचा निःश्वास टाकला, तर त्यांनी सावध केले : कम्प्रेशन वरच्या दोन रिंगा सांभाळतात, ऑइल खरवडणारी रिंग तिसरी असते, आणि ती कार्बनने खाचेत अडकून बसली तरी आकडे उत्तम येऊ शकतात. म्हणून प्लगच्या छिद्रातून छोटा कॅमेरा आत सोडला. ऑइल रिंगांवरून वर येत असेल, तर पिस्टनच्या माथ्याची कड धुतल्यासारखी स्वच्छ दिसते. माझ्या चारही पिस्टनवर कडेपर्यंत कोरडा कार्बन होता, तर इनटेक व्हॉल्व्हच्या मागे ओलसर, जाड थर. शेवटी प्रत्येक सिलिंडरमध्ये हवा भरून लीक-डाऊन चाचणी घेतली आणि ऑइलच्या झाकणापाशी, एअर फिल्टरपाशी, सायलेन्सरपाशी कान लावून व रेडिएटरमध्ये बुडबुडे पाहून हवा कुठून निसटते ते तपासले. तिसऱ्या सिलिंडरमधून ऑइलच्या झाकणाकडे, म्हणजे रिंगांवरून, थोडी हवा येत होती, परंतु त्यासाठी इंजिन उतरवावे इतकी नव्हे. याच वेळी पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनच्या पोटातली वाफ इनटेककडे परत सोडणारी झडप) हलवून पाहिला, तर त्याचा खुळखुळ आवाज येत नव्हता. तो चिकटला होता.

दुरुस्ती म्हणजे सोळा सील, नवा पीसीव्ही व्हॉल्व्ह आणि टॅपेट कव्हरचे, म्हणजे इंजिनच्या वरच्या झाकणाचे, गॅस्केट. मूळ उत्पादकाचे सील मी नाना पेठेतून आणून दिले. हेड (सिलिंडरवरचा, व्हॉल्व्ह असलेला भाग) न उतरवता, सिलिंडरमध्ये हवेचा दाब ठेवून व्हॉल्व्ह वर धरून सील बदलले. सुट्या भागांसह 9,400 रुपये झाले. त्यानंतरच्या 1,000 किलोमीटरला 130 मिलिलिटर ऑइल लागले आणि सकाळचा धूर गेला.

तक्रारी आहेत. सर्वांत मोठी अशी की पीसीव्ही व्हॉल्व्ह आणि सील एकाच वेळी बदलल्याने कोणाचा वाटा किती हे आता कधीच कळणार नाही. पीसीव्ही स्वस्त असतो आणि तो अडकला तर एकटाही ऑइल इनटेकमध्ये ओढू शकतो. तो आधी बदलून पुन्हा मोजावे का, हे मला विचारायला हवे होते. आणखी एक महिना गेला असता, पण मी थांबलो असतो. कॅमेऱ्याची चित्रे दाखवली, परंतु दिली नाहीत. बिल हाताने लिहिलेले आणि एकरकमी होते, मजुरी व सामान वेगळे दाखवण्यास सांगावे लागले. फोन क्वचितच उचलला जातो.

जायचे असल्यास गाडी आदल्या संध्याकाळीच तिथे नेऊन ठेवावी, कारण मिस्त्रींना पहिला धूर थंड इंजिनचा, स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचा असतो.