लाल डिझेल: करबुडव्यांविरुद्धचा रंग कितपत पक्का?

अमेरिकेत घर गरम ठेवायचं तेल आणि ट्रकचं डिझेल हा मुळात एकच माल. डिझेलवर रस्त्याचा कर, घरच्या तेलावर नाही. ही फट न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या ब्रायटन बीचवरच्या रशियन टोळ्यांनी ऐंशीच्या दशकात हेरली. मारात बालागुलासारखे लोक यातच गब्बर झाले. इटालियन माफियाही वाटा मागायला आला.

पद्धत अशी: टँकर डेपोतून थेट पंपावर. कागदावर मात्र तोच माल पाच-सहा परवानाधारक कंपन्यांच्या हातून फिरतो. परवानाधारकाने परवानाधारकाला विकलं तर कर लागत नाही. मधली एक कंपनी बिलावर ‘सर्व करांसहित’ असा शिक्का मारते, कराचे पैसे घेते आणि भरतच नाही. वसुलीवाले पोचतात तेव्हा पत्त्यावर फक्त टपालपेटी असते आणि मालक नावापुरता.

यावर उपाय म्हणून १९९३ च्या कायद्याने करमुक्त तेलात लाल रंग आला. रंग सॉलव्हंट रेड १६४. प्रमाण १,००० बॅरलला ३.९ पौंड घन रंगाइतकं, म्हणजे ४२,००० गॅलनमध्ये पावणेदोन किलोच्या आसपास. इतकुसा रंग, पण ट्रकच्या टाकीतून काढलेला नमुना काचेच्या बाटलीत पांढऱ्या कागदासमोर धरला की शंका उरत नाही. आपल्याकडच्या रेशनच्या निळ्या रॉकेलमागेही हाच विचार. अमेरिकेतही जास्त गंधकाच्या डिझेलला आधी निळाच रंग दिला होता, पण विमानाचं पेट्रोल निळं असल्याने घोटाळ्याची भीती होती, म्हणून लाल घेतला.

रस्त्यावरच्या गाडीत लाल तेल सापडलं तर दंड जबर आहे: गॅलनला १० डॉलर किंवा १,००० डॉलर, यातली मोठी रक्कम, आणि पुन्हा सापडलात की पटीने वाढते. केंद्राचा डिझेल कर गॅलनला २४.४ सेंट, चोरी परवडतच नाही.

तरी सगळं श्रेय रंगाला देणं आम्हाला पटत नाही. खरं काम केलं ते १ जानेवारी १९९४ पासून कर डेपोच्या फाटकावरच घेण्याने. टँकर भरतानाच पैसे गेले की मधल्या बोगस कंपनीला बुडवायला काही उरत नाही. पेट्रोलला करमुक्त जुळं भावंड नाही, त्यामुळे तिथे रंगाचा उपयोग शून्य. तिथेही वसुली १९८८ मध्ये वर, म्हणजे डेपोकडे सरकवावी लागली. रॉकेल मात्र १९९८ पर्यंत या नियमाबाहेर राहिलं. बिनरंगी, डिझेलमध्ये सहज मिसळणारं. ही चूक महागात पडली.

वापरणाऱ्यांसाठी एक त्रास: टँकरचा कप्पा किंवा नळी नीट रिकामी न करता साधं डिझेल भरलं तर त्यालाही लाली येते आणि कर भरलेला ट्रकवाला तपासणीत अडकतो. लाल तेलानंतर कप्पा, नळी आणि पंपाचा फिल्टर तिन्ही धुवून घ्या, कराच्या पावत्या गाडीत ठेवा.