हायब्रिड नॅरोबोट: पॅरलल घ्यावी की सीरिअल, आणि बॅटरी कोणती?

इंग्लंडच्या कालव्यांवर राहायला किंवा सुट्टीत फिरायला नॅरोबोट, म्हणजे अरुंद, लांबट बोट, घ्यायची ठरली, त्यातही डिझेल आणि वीज दोन्ही वापरणारी हायब्रिडच हवी असं मनाने घेतलं, की समोर दोन पर्याय येतात: पॅरलल आणि सीरिअल. बोटयार्डवाले बोलत राहतात ते मोटरबद्दल. किती किलोवॅटची, किती शांत, कुठल्या कंपनीची. माझ्या मते मोटर हा या मांडणीतला सगळ्यात बिनघोर भाग आहे. निवड करायची ती रोज किती युनिट लागणार, ती कुठून येणार आणि बॅटरीत भरायला किती तास जाणार, या तीन गोष्टींवर. युनिट म्हणजे वीजबिलातलंच युनिट, एक किलोवॅट-तास.

आधी हिशेब

नॅरोबोटची रुंदी ६ फूट १० इंच असते, कारण अरुंद कालव्यांवरची लॉक्स (पाणी भरून वा सोडून बोट वर-खाली नेणारे हौद) जेमतेम ७ फुटांची आहेत. लांबी ५७ फुटांपर्यंत ठेवली तर जवळजवळ सगळं जाळं पालथं घालता येतं. अशा पोलादी बोटीचं वजन १५ ते १८ टन भरतं, आणि तरीही ताशी ३ मैलांनी जायला तिला २ ते ३ किलोवॅट पुरतात. इंग्लंडमधली चहाची किटली साधारण तेवढीच वीज घेते. काठाला बांधलेल्या बोटींजवळून सावकाश जाताना लागते ती त्याच्याही निम्मी. लॉक भरेपर्यंत शून्य. डिझेल इंजिन मात्र तेवढा वेळ उगाच धडधडत राहतं. वेगमर्यादा ताशी ४ मैल आहे. ती गाठायचा हट्ट धरला तर उथळ पाण्यात बोटीचा मागचा भाग खाली बसतो, मागे लाट उठते आणि विजेचा खर्च दुपटीच्या वर जातो.

आता दोन गिऱ्हाइकं डोळ्यांसमोर आणू. पहिला कायम बोटीवर राहणारा, हक्काची जागा नसलेला, म्हणजे कंटिन्युअस क्रूझर. त्याला एका ठिकाणी सलग १४ दिवसांहून जास्त थांबता येत नाही, म्हणून तो पंधरवड्यातून चारेक तास बोट हलवतो. त्याला लागली १० युनिट. पण फ्रिज, लॅपटॉप, राउटर, पाण्याचा पंप, वॉशिंग मशीन आणि इंडक्शनवरचा स्वयंपाक मिळून रोजची ५ ते ६ युनिट होतात, म्हणजे पंधरवड्याची ७० ते ८४. दुसरं गिऱ्हाईक सुट्टीत बोट काढणारं कुटुंब. त्यांचा रोजचा ६ तासांचा प्रवास १५ युनिट खातो आणि घरखर्च ४ युनिटांत भागतो. पहिल्याच्या लेखी मोटर जवळपास फुकट चालते, दुसऱ्याची सगळी बॅटरी तिच्यासाठीच. या दोघांना एकच बोट योग्य असं सांगणाऱ्या विक्रेत्याकडून काही घेऊ नये.

आपल्या स्वयंपाकाचा अंदाज वेगळा करावा लागतो. वरण-भाताचा कुकर इंडक्शनवर अर्ध्या युनिटच्या आत होतो, मिक्सर तर मोजण्याइतकाही नाही. पोळ्या मात्र वीज खातात, कारण तवा बराच वेळ तापलेला ठेवावा लागतो. प्रोपेनचा १३ किलोचा सिलिंडर ठेवून स्वयंपाक गॅसवरच केला तर बॅटरीवरचा बराच भार उतरतो. ‘गॅसमुक्त बोट’ ही कल्पना छान आहे, पण ती पेलायची तर बॅटरी मोठी घ्यावी लागते.

पॅरलल

यात नेहमीचं डिझेल इंजिन असतं, बऱ्याचदा कुबोटाच्या ब्लॉकवर बांधलेलं बीटा मरीनचं. त्याच्या जोडीला शाफ्टशी, म्हणजे प्रोपेलर फिरवणाऱ्या दांड्याशी, पट्ट्याने जोडलेली, साधारण १० किलोवॅटची ४८ व्होल्ट मोटर. आइल ऑफ वाइटवरच्या हायब्रिड मरीन कंपनीमुळे ही मांडणी नॅरोबोटींवर रुळली. मोटर एकटी बोट चालवू शकते, आणि डिझेल चालू असताना तीच जनरेटर बनून बॅटरी भरते.

याचा खरा फायदा इंजिनाला होतो. ४० हॉर्सपॉवरचं डिझेल कालव्यावर चार-पाच हॉर्सपॉवर द्यायला लावलं की ते नीट तापत नाही, सिलिंडरच्या भिंती गुळगुळीत होतात आणि तेल जळायला लागतं. बॅटरी भरायचं काम जोडीला दिलं की इंजिनावर योग्य भार येतो. दुसरा फायदा नद्यांवर. ट्रेंट, सेव्हर्न किंवा भरती-ओहोटीच्या थेम्सवर प्रवाहाविरुद्ध जाताना पूर्ण ताकद हाताशी असते, तीही हवा तितका वेळ. शिवाय एक बाजू बंद पडली तर दुसरीवर घरी येता येतं.

तोटे असे: देखभाल दोन यंत्रांची, इंजिनरूममध्ये हात घालायला जागा नाही आणि डिझेल चालू असताना आवाज जुनाच. विकत घेण्याआधी एक गोष्ट नक्की विचारा. मोटर गिअरबॉक्सच्या मागे शाफ्टवर जोडलेली आहे का? तशी असेल आणि प्रोपेलर वेगळा करायची सोय नसेल, तर प्रोपेलर फिरल्याशिवाय ती वीज बनवू शकत नाही. मग बोट बांधून ठेवलेली असताना सगळी भिस्त इंजिनाच्या अल्टरनेटरवर. आपल्या पहिल्या गिऱ्हाइकाची बोट तर पंधरवड्यातले बहुतेक सगळे दिवस बांधलेलीच असते.

सीरिअल

इथे प्रोपेलर फक्त मोटर फिरवते. डिझेल जनरेटर ध्वनिरोधक खोक्यात बसवलेला असतो आणि शाफ्टशी त्याचा संबंध नसल्यामुळे तो सोयीच्या जागी ठेवता येतो. चालतो तेव्हा तो पूर्ण भारावर चालतो, म्हणून एका लिटरमध्ये साधारण ३ युनिट देतो. उरलेली उष्णता गरम पाण्याच्या टाकीत जाते. (पॅरललमध्ये नुसत्या मोटरवर फिरलात तर संध्याकाळी आंघोळीला पाणी गार, हे फार जण आधी लक्षात घेत नाहीत.)

पण हायब्रिडने डिझेल वाचतं, ही जाहिरात अर्धीच खरी. साधी डिझेल बोट कालव्यावर तासाला एक ते दीड लिटर पिते. सीरिअलमध्ये एका लिटरची ३ युनिट होतात, चार्जर आणि बॅटरीतली गळती वजा जाता त्यावर तासाभराचा प्रवास होतो. म्हणजे जवळपास बरोबरी. बचत होते ती सोलर आणि मरीनातल्या, म्हणजे बोटी लावायच्या धक्क्यावरच्या, विजेमुळे. हायब्रिड ती वीज वापरता येईल एवढी सोय करून देते.

नदीवर सीरिअलचा कस लागतो. मोटर १० किलोवॅट मागत असेल आणि जनरेटर ६ देत असेल, तर उरलेले ४ बॅटरीतून जातात. वापरण्याजोगी १६ युनिट शिल्लक असतील तर चार तास निभावतं. त्यामुळे ट्रेंटवर उतरण्याआधी बॅटरी भरून घेणं आलं. मोटरचा कंट्रोलर गेला तर जनरेटर कितीही गुरगुरला तरी बोट जागची हलत नाही.

कालव्यावर विजेने बोट चालवायची कल्पना मुळीच नवी नाही. स्टॅफर्डशरमधल्या हेअरकॅसल बोगद्यातून १९१४ ते १९५४ या काळात बोटी ओढायला विजेवर चालणारा टग होता, कारण धुराने लोक गुदमरत. इलेक्ट्रिक बोटींत गाजलेली चपटी लिंच मोटर सेड्रिक लिंच या इंग्रज संशोधकाची. पुढे त्याच जातीच्या मोटरी गुजरातमधल्या अग्नी कंपनीने बनवल्या आणि आइल ऑफ मॅनवरची २००९ ची पहिली इलेक्ट्रिक मोटरसायकल शर्यत अग्नीच्याच संघाने मारली. आज नव्या बोटींवर बहुधा ब्रशलेस मोटर असते. ब्रश बदलायची कटकट नाही, एवढाच काय तो फरक ध्यानात ठेवावा.

बॅटरी: खरा निर्णय इथे

जुन्या हायब्रिड बोटींवर २ व्होल्टच्या २४ लेड-ॲसिड ट्रॅक्शन सेल्सची रांग दिसते, फोर्कलिफ्टला असते तशी. भारतातल्या घरगुती इन्व्हर्टरची ट्यूब्युलर बॅटरी ज्यांनी सांभाळली आहे त्यांना ती ओळखीची वाटेल: त्याच घडणीच्या प्लेट, तेच डिस्टिल्ड वॉटर, चार्ज होताना तोच हायड्रोजन, म्हणून हवा खेळती ठेवायची गरजही तीच. वजन टनाच्या घरात जातं, पण नॅरोबोटमध्ये तो दोष नाही. तिच्या तळाशी नाहीतरी विटा किंवा फरशा भरलेल्याच असतात. त्या तेवढ्या कमी करायच्या.

लेड-ॲसिडची अडचण भरताना येते. ८० टक्क्यांपर्यंत ती पटापट करंट घेते, मग हात आखडता घेते, आणि शेवटच्या २० टक्क्यांना चार तास किंवा त्याहून जास्त लागतात. ते तास टाळले तर प्लेटवर सल्फेट धरतं आणि क्षमता मुकाट घटत जाते. मरीनात रात्रभर प्लग लावून ठेवणाऱ्याला याचं काही वाटत नाही. कंटिन्युअस क्रूझरला मात्र कालवे सांभाळणाऱ्या कॅनल अँड रिव्हर ट्रस्टचा दुसरा नियम आडवा येतो: बोट बांधलेली असताना रात्री ८ ते सकाळी ८ इंजिन वा जनरेटर चालवायचा नाही. शिवाय शेवटच्या टक्क्यांसाठी जनरेटर जवळपास रिकामा चालवणं म्हणजे डिझेल जाळून त्याचंच नुकसान करून घेणं.

लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजे एलएफपी, इथे सरळ बाजी मारते. ४८ व्होल्टसाठी १६ सेल्स, १५ युनिटची बँक (बॅटरीचा संच) दीडशे किलोच्या आसपास. जवळजवळ भरेपर्यंत ती पूर्ण करंट घेते. व्हिक्ट्रॉनच्या ४८ व्होल्टच्या क्वाट्रोचा ११० अँपिअरचा चार्जर तासाला साडेपाच-सहा युनिट भरतो, म्हणजे १५ युनिटला अडीच तास. अर्धवट भरलेली ठेवली तरी तिचं बिघडत नाही, उलट बरं असतं. आयुष्य तीन हजार चक्रांच्या पुढे सांगतात. चांगल्या ट्रॅक्शन सेल्सचं हजार-दीड हजार.

तिची पथ्यंही आहेत. शून्य अंशाखाली चार्ज करायची नाही. बँक पाण्याच्या पातळीखाली, इंजिनरूममध्ये असेल तर हा प्रश्न फारसा येत नाही. साधा अल्टरनेटर थेट जोडला तर बॅटरी मागेल तेवढा करंट देता देता तो तापून जळतो, आणि बीएमएसने (बॅटरीवर नजर ठेवणाऱ्या सर्किटने) मध्येच तोडलं तर व्होल्टेज उसळून त्याचे डायोड उडतात. मध्ये डीसी-डीसी चार्जर किंवा तापमान बघणारा बाहेरचा रेग्युलेटर हवाच. जुन्या पॅरलल बोटीत लेड काढून एलएफपी टाकायची असेल तर खर्चात हेही धरा. मोटारींतून काढलेले सेकंडहँड एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट लिथियम) मॉड्यूल स्वस्त पडतात, पण राहत्या पोलादी खोलीत मी ते घेणार नाही. एलएफपी उष्णतेला बरीच जास्त टिकाव धरते, आणि विमा उतरवतानाही तिच्याबद्दल बोलणं सोपं जातं.

सोलर, हिवाळा आणि तारा

छतावर २ किलोवॅटची पॅनेलं बसतात. जूनमध्ये ती दिवसाला ८ ते १० युनिट देतात आणि डिसेंबरमध्ये एखादंच. एप्रिल ते सप्टेंबर, रोज तासन्‌तास फिरत नसाल तर, दोन्ही प्रकारच्या बोटी डिझेल विसरून चालतात, फरक दिसतो तो नोव्हेंबरनंतर. हिवाळ्यात विजेवर घर तापवायचा विचारही करू नका. त्यासाठी लाकूड-कोळशाची शेगडी किंवा डिझेल हीटर. डिझेल भरताना बोट चालवायला किती आणि घरासाठी किती, हे जाहीर करावं लागतं आणि घराच्या भागावर कर कमी पडतो.

४८ व्होल्ट का, तर १० किलोवॅटला १२ व्होल्टवर आठशेहून जास्त अँपिअर वाहतील आणि ४८ वर दोनशेच्या आसपास. दिवे आणि पंप १२ व्होल्टवरच राहतात, कन्व्हर्टरमधून. किनाऱ्याची वीज घेताना गॅल्व्हॅनिक आयसोलेटर, शक्यतो आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर हवा. नाहीतर अर्थिंगच्या तारेतून शेजारच्या बोटींशी परिपथ पूर्ण होतो आणि पोलाद वाचवायला लावलेले तुमचे मॅग्नेशियम ॲनोड, मागोमाग बुडाचं पोलाद, झिजायला लागतं. आणि प्रोपेलरला अडकलेलं गवत काढण्याआधी मोटरचा मुख्य स्विच तोडायचा. डिझेल चालू असलं की कानाला कळतं. मोटर चालू असलेली कळत नाही.

कोणी काय घ्यावं

वर्षभर बोटीवर राहणार, इंडक्शनवर स्वयंपाक करणार आणि बहुतेक कालव्यांवरच असणार, तर सीरिअल, एलएफपी आणि छतभर सोलर. नद्या नेमाने करणार असाल तर पॅरलल, त्यात दुमत नको. मरीनात जागा आहे आणि महिन्यातून एखादा शनिवार-रविवार मिळतो, तर लेड-ॲसिडची जुनी पॅरललही छान चालेल आणि पैसेही वाचतील. बजेट ताणलेलं आणि राहायचं मात्र बोटीवरच, अशांनी हायब्रिडचा नाद सोडून साधं डिझेल घ्यावं, वाचलेले पैसे एलएफपी आणि सोलरला लावावेत. त्यांचा बहुतेक खर्च घरातल्या विजेचाच असतो आणि तो भाग यातून तितकाच सुटतो.

सेकंडहँड बघायला गेलात तर मोटरवर बोटीची एक फेरी मारून खूश होऊन परत येऊ नका. बॅटरी मॉनिटर उघडून त्याची नोंद बघा: सगळ्यात खोल उपसा किती, चक्रं किती, शेवटचं पूर्ण चार्ज कधी झालं. मग बोट प्लगवरून काढून रात्रभर फ्रिज आणि दिवे चालू ठेवायला सांगा आणि सकाळचं व्होल्टेज स्वतः वाचा. लेड-ॲसिडची बँक असेल आणि विक्रेता याला काचकूच करत असेल, तर त्या बँकेची किंमत भंगाराच्या भावाने धरून मगच आकडा बोला.