हेमकुंडच्या एका दिवसासाठी: बूट, काठ्या, ऑक्सिमीटर आणि एक रिकामा दिवस

जानेवारीत हौसेने बरीच खरेदी केली. ट्रेकिंगचे बूट, काठ्यांची जोडी, पोंचो आणि बोटाला लावायचा ऑक्सिमीटर. निमित्त होतं सप्टेंबरातलं हेमकुंड साहिब, उत्तराखंडातल्या उंच डोंगरातलं शिखांचं तीर्थ. माझं वय ४६, काम दिवसभर खुर्चीत बसून. सोबत आतेभाऊ, म्हणजे आमचा दादा, वय ५२, दरवर्षी मॅरेथॉन पळणारा. आता दहा महिने हे सगळं वापरून झालंय, म्हणून लिहायला बसले. कंपन्यांची नावं देत नाही, कारण पुढच्या वर्षी तेच मॉडेल बाजारात मिळेल याची खात्री नसते.

आधी त्या वाटेबद्दल. खालच्या मुक्कामाचं गाव घांगरिया साधारण ३,०५० मीटरवर, हेमकुंड ४,३०० च्याही वर, आणि मधलं अंतर जेमतेम ६ किलोमीटर. वर मुक्काम करता येत नाही, दुपारी खाली निघावंच लागतं. आतकरवाडीतून सिंहगडाचा चढ सुमारे ६०० मीटरचा धरला, तर हे दोन सिंहगड एकावर एक. शिवाय वर हवेचा दाब समुद्रकाठच्या साठ टक्क्यांच्या आसपास. चढाची तयारी पुण्यात होते. विरळ हवेची अजिबात होत नाही, कळसूबाईवर चारदा जाऊन आलात तरी नाही. महाराष्ट्रातलं ते सगळ्यात उंच टोकच मुळात १,६४६ मीटरचं.

तरी सराव केला. मार्चपासून दर रविवारी सिंहगड, पाठीवर ५ लिटर पाणी. वर पोचल्यावर ते ओतून टाकायचा मोह व्हायचा, पण गुडघ्यांना सवय उतरायचीच लावायची होती. चढताना दम लागतो, थांबलं की भरून येतो. उतरताना गुडघा बोलायला लागला की थांबून काही उपयोग नसतो.

बूट एक नंबर मोठे घेतले. दुकानात मुद्दाम संध्याकाळी, जाड मोजे घालून गेले, कारण दिवसभरात पाय थोडे सुजलेले असतात. तरीही कळसूबाई उतरताना अंगठ्याचं नख काळंनिळं झालं आणि दीड महिन्याने पडलं. चूक बुटांची नव्हती. चढताना नाडी सैल ठेवली होती, ती उतरण्याआधी घोट्यापाशी आवळली नाही, त्यामुळे पाय पुढे घसरून बोटं आपटत राहिली. हे कळल्यापासून त्रास नाही.

पण जुलैत, सहाव्या महिन्यात, उजव्या बुटाच्या सोलने चोच उघडली. दुकानदार म्हणाला, "मॅडम, पाण्यात वापरलेत ना, म्हणून." वॉटरप्रूफ म्हणून विकलेला बूट पाण्यात वापरायचा नसतो, हे मला नव्यानेच कळलं. शेवटी मंडईजवळच्या चांभारकाकांनी दोन्ही सोल कडेने दोऱ्याने शिवून दिले, दीडशे रुपयांत. ती शिवण अजून शाबूत आहे. बूट आता शिवणीतून पाणी पितात ते सोडा. सोल वाटेत हातात येण्यापेक्षा मोजे ओले झालेले परवडतात. नवीन बूट घेऊन थेट हिमालयात जाऊ नका म्हणतात ते पायाला फोड येतात म्हणून. मी म्हणेन, बुटाची अब्रू पुण्यातच कळावी म्हणून.

काठ्या ही मात्र सगळ्यात बरी खरेदी. पहिली जोडी पिळून घट्ट करायची होती. पावसात चिखल आत गेला आणि भर उतारावर काठी माझ्या वजनाने आत गेली. पडले नाही, पण परत केली आणि खटक्याचं लॉक असलेली घेतली. चढताना काठी आखूड, उतरताना बोट-दोन बोटं नव्हे, चांगली वीतभर लांब नसली तरी अर्धी वीत लांब. पट्ट्यात हात खालून घालायचा, मग मूठ आवळावी लागत नाही. विमानात या केबिनमध्ये नेऊ देत नाहीत, चेक-इन सामानात टाकाव्या लागतात. पॉवर बँकेचं बरोबर उलटं. पॅकिंग करताना मी दोन्ही उलट केलं होतं.

पोंचोबद्दल फार काही नाही. वारा सुटला की डोक्यावर येतो. आपल्याकडचं इरलं त्याहून शहाणं.

आता ऑक्सिमीटर. घांगरियात पोचलो त्या रात्री दादा म्हणाला, "उद्याच वर जाऊन येऊ, व्हॅली नंतर बघू." ठरलं उलटं होतं: आधी फुलांची दरी, मग हेमकुंड. आदल्या रात्री आम्ही जोशीमठात, १,९०० मीटरच्या आत झोपलो होतो. मी मान डोलावली, ती चूक माझीही.

चौथ्या किलोमीटरला दादा बोलायचा थांबला.

"दादा, डोकं दुखतंय का?"

"अगं नाही गं, रात्री झोप झाली नाही नीट."

चिक्की पुढे केली, त्याने हात बाजूला सारला. हा माणूस लोणावळ्याची अख्खी वडी एकटा संपवतो. ऑक्सिमीटर लावला तर ७१, मग ८६, मग ७९. बोटं बर्फासारखी गार असली की यंत्र वाटेल ते दाखवतं. आकडा कुठला खरा मानायचा? यंत्र खिशात टाकलं. विरळ हवा बाधतेय हे कळायला चिक्की नको म्हणणारा दादा मला पुरेसा होता. तिथून मागे फिरलो. संध्याकाळी घांगरियात त्याने दोन पराठे खाल्ले आणि वर मलाच सुनावलं, "उगाच घाबरलीस."

मी डॉक्टरांना विचारून आदल्या दिवसापासून डायमॉक्स, म्हणजे विरळ हवेचा त्रास टाळायची गोळी, घेत होते, १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा. बोटांना मुंग्या येतात आणि लघवीला सारखं जावं लागतं, बायकांनी वाटेवरची सोय आधी विचारून ठेवावी. सल्फाच्या औषधांची ॲलर्जी असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. दादाने गोळी घेतली नव्हती, "मला कशाला लागतेय" म्हणून. पळायचा दम वेगळा आणि विरळ हवेची सवय वेगळी, ती त्याला मॅरेथॉनने दिली नव्हती.

आम्हाला वाचवलं ते एका रिकाम्या दिवसाने. पावसात जोशीमठच्या रस्त्यावर दरड कोसळली तर हाताशी असावा म्हणून तो ठेवला होता. रस्ता उघडा राहिला आणि दिवस इथे कामी आला. दुसऱ्या दिवशी रमतगमत फुलांच्या दरीत थोडं उंच जाऊन परत खाली घांगरियात झोपलो. तिसऱ्या दिवशी पहाटे पाचला निघालो. चाळीस पावलं, थांबा. शेवटी शेवटी पंचवीस. पायऱ्यांचा जवळचा रस्ता सोडून खेचरांच्या वळणांच्या वाटेने गेलो. वर कड्याला ब्रह्मकमळं होती. लंगरमध्ये गरम खिचडी घेताना दादाने दुसऱ्यांदा ताट पुढे केलं, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

सनस्क्रीनची ट्यूब पुण्यात बंद केलेली, ती वर उघडल्यावर अर्धी आपोआप जॅकेटवर आली. तो डाग अजून आहे. ऑक्सिमीटर सध्या सासूबाईंच्या औषधांच्या डब्यात आहे, गरम बोटांवर तो छान चालतो. काठ्यांपैकी एक दादाने नेली आहे, अजून परत आणून दिलेली नाही.