घराचा विमा कोल्हापुरात: बँकेने दिलेला, सरकारी कंपनीचा की खासगी?

कंपन्यांची तुलना करण्याआधी एक गोष्ट लक्षात घ्या. 1 एप्रिल 2021 पासून घरासाठी 'भारत गृह रक्षा' ही प्रमाणित पॉलिसी ठेवणं आगीचा विमा विकणाऱ्या सर्व जनरल इन्शुरन्स कंपन्यांना बंधनकारक आहे. न्यू इंडिया, ओरिएंटल, नॅशनल, युनायटेड इंडिया या सरकारी कंपन्या असोत किंवा एचडीएफसी अर्गो, आयसीआयसीआय लोम्बार्ड, टाटा एआयजी यांसारख्या खासगी, मूळ मजकूर एकच. आग, वीज, भूकंप, पूर, वादळ, दरड कोसळणं, दंगल, पाण्याची टाकी किंवा पाइप फुटणं हे सगळं त्यात येतं. त्यामुळे "कोणाची पॉलिसी चांगली?" यापेक्षा विमा रक्कम (कंपनी जास्तीत जास्त देईल ती रक्कम) किती, जोडीला काय घेतलं आणि क्लेमच्या वेळी दारात कोण येणार, हे विचारा. फरक तिथे पडतो.

आधी पाण्याचं बघू. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट आहे. 2019 आणि 2021 या दोन्ही वर्षी नदी 50 फुटांच्या वर गेली. सुतारवाडा, दुधाळी, उत्तरेश्वर पेठ, नागाळा पार्क, शाहूपुरीतल्या काही गल्ल्या, नदीकाठची चिखली आणि आंबेवाडी, या भागांत घर असेल तर 'भारत गृह रक्षा'ऐवजी पूर वगळलेली दुसरी स्वस्त पॉलिसी घेऊ नका. आणि विमा एप्रिल-मे मध्येच काढा. पाणी गल्लीत शिरल्यावर काढलेला विमा त्याच पुराचं नुकसान भरून देणार नाही. राजेंद्रनगर किंवा आर. के. नगरसारख्या उंचावरच्या भागात पुरापेक्षा आग, वीज आणि पाइप फुटणं या जोखमी मोठ्या. तिथे घरसामानाच्या रकमेवर जास्त लक्ष द्या.

आता विमा रक्कम. घराचा बाजारभाव इथे धरायचा नसतो, कारण जमीन वाहून जात नाही. धरायचा तो पुन्हा बांधण्याचा खर्च. समजा कार्पेट एरिया 900 चौरस फूट आणि आजचा बांधकाम खर्च चौरस फुटाला 2,200 रुपये, तर विमा रक्कम 19 लाख 80 हजार. आपल्या भागातला दर स्थानिक कंत्राटदार किंवा इंजिनिअरला विचारून घ्या. कंपाउंडची भिंत, गॅरेज, पाण्याची टाकी, छतावरचे सोलर पॅनेल यांचाही खर्च त्यात मिळवा. इमारतीच्या रकमेच्या 20 टक्के, कमाल 10 लाखांपर्यंत, घरसामानाचा विमा यादी न देता आपोआप मिळतो. वरच्या उदाहरणात ते 3 लाख 96 हजार होतात. फर्निचर, फ्रिज, टीव्ही, वॉशिंग मशीन यांची आजची किंमत लावली की अनेक घरांना हे अपुरं पडतं. तेव्हा यादी देऊन रक्कम वाढवून घ्या. दागिन्यांचा विमा वेगळा, मूल्य आधी ठरवून घ्यावा लागतो. रोख रक्कम आणि गाडी यात येत नाहीत. पार्किंगमध्ये बुडालेल्या गाडीचा क्लेम मोटार पॉलिसीतून करायचा.

गृहकर्जासोबत बँकेने लावलेली पॉलिसी सोयीची खरी, पण बऱ्याचदा तिची विमा रक्कम शिल्लक कर्जाएवढीच असते. घर बांधायला 20 लाख लागणार आणि पॉलिसी 12 लाखांची, तर पूर्ण घर पडलं तरी मिळणार 12 लाखच, त्यातही आधी बँकेचा हक्क. अनेकदा ही पॉलिसी फक्त इमारतीची असते, सामान बाहेरच. कर्जदाराच्या जीवन विम्याला लोक घराचा विमा समजून बसतात, तेही तपासा. कोणत्या कंपनीकडून विमा घ्यायचा हे ठरवण्याचा हक्क कर्जदाराचा आहे. स्वतः काढलेली पॉलिसी बँकेला देऊन तिच्यावर बँकेचं नाव लावून घेता येतं, आणि आमच्या मते तेच करावं.

फ्लॅट असेल तर सोसायटीने इमारतीचा विमा काढला आहे का ते सचिवांना विचारा. काढला असेल तर तुम्हाला फक्त आतलं सामान, फर्निचर आणि दागिने यांचा विमा पुरतो. भाडेकरूलाही एकट्या सामानाचा विमा घेता येतो. खाली दुकान आणि वर घर असेल, किंवा घरातच चप्पल, चांदीचं काम चालत असेल, तर तो माल घरसामानात धरला जात नाही. त्यासाठी व्यवसायाची वेगळी पॉलिसी लागते. प्रस्तावात ही गोष्ट लपवली तर पूर्ण क्लेम अडचणीत येऊ शकतो. भिंत मातीची, छत कौलारू, हेही जसं असेल तसंच लिहा.

सगळ्यात महत्त्वाची उणीव चोरीची आहे. मूळ पॉलिसीत चोरी येते, पण फक्त पूर किंवा आगीसारख्या घटनेमुळे झालेली आणि त्या घटनेपासून 7 दिवसांच्या आतली. आपल्याकडे पुरात घर रिकामं करून माणसं पाहुण्यांकडे जातात, पाणी ओसरून गाळ काढेपर्यंत आठवडा सहज उलटतो. म्हणून नदीकाठच्या घराने घरफोडीचं जोड-कवच, म्हणजे मूळ पॉलिसीला जोडून घेतलेलं जादा संरक्षण, घ्यावंच. शॉर्ट सर्किटने जळालेला टीव्हीही मूळ पॉलिसीत नाही. त्या टीव्हीमुळे घराला लागलेली आग मात्र येते.

सरकारी की खासगी? प्रीमियम मागताना दोघांनाही तीच विमा रक्कम, तीच जोड-कवचं आणि तीच मुदत द्या, नाहीतर तुलनेला अर्थ नाही. 18 टक्के जीएसटीसह आकडा मागा. ऑनलाइन खासगी कंपन्यांची पॉलिसी झटपट निघते, जोड-कवचांचे पर्यायही जास्त दिसतात. सरकारी कंपन्यांची शहरात कार्यालयं आहेत. पुरानंतर एकाच वेळी शेकडो क्लेम आले की समोर जाऊन कागद देता येणं आणि पोच घेता येणं मोलाचं ठरतं. ज्या कंपनीची स्थानिक शाखा फोन उचलते तिला आम्ही थोडा जास्त प्रीमियमही देऊ. जाहिरातीतल्या एकूण क्लेम टक्केवारीवर भाळू नका, त्यात मोटार आणि आरोग्य विमाही मिसळलेले असतात. घराचा विमा ज्यात मोडतो त्या आगीच्या विभागाचे आकडे कंपनीच्या संकेतस्थळावर सार्वजनिक प्रकटीकरणात (Public Disclosures) पाहा.

मुदत एक वर्षाची की दहा? दहा वर्षांच्या पॉलिसीत इमारतीची रक्कम दरवर्षी 10 टक्क्यांनी आपोआप वाढते, जास्तीत जास्त दुप्पट होईपर्यंत. स्वतःचं घर, विकण्याचा विचार नाही, तर दीर्घ मुदत सोपी. बांधकाम वाढवणार असाल तर वार्षिक घ्या.

क्लेमच्या वेळी लोक घाईत घर धुऊन मोकळे होतात आणि पुरावा वाहून जातो. पाणी उतरल्यावर आधी भिंतीवरच्या गाळाच्या रेषेला टेप लावून फोटो काढा. फ्रिज-वॉशिंग मशीनच्या मागच्या सिरियल नंबरच्या पट्टीचे फोटो घ्या. कंपनीला लगेच कळवा आणि सर्व्हेअरने (नुकसानीची पाहणी करणाऱ्याने) पाहिल्याशिवाय सामान भंगारात देऊ नका. तलाठ्याचा पंचनामा सरकारी मदतीसाठी असतो, तो जोडा, पण त्याने सर्व्हेअरची पाहणी चुकत नाही. मातीच्या भिंती पाणी ओसरल्यावर, वाळताना कोसळतात. पाहणीनंतर भिंत पडली तर त्याच दिवशी ईमेलने नव्याने कळवा आणि पुन्हा पाहणी मागा.

क्लेम नाकारला किंवा कमी दिला, तर आधी कंपनीच्या तक्रार कक्षाकडे लेखी तक्रार करा. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विम्याच्या तक्रारी सोडवणाऱ्या विमा लोकपालाकडे जाता येतं. कोल्हापूर पुण्याच्या कार्यालयाच्या हद्दीत येतं. 50 लाखांपर्यंतच्या वादासाठी तिथे फी नाही, वकीलही लागत नाही.