फोटोतला माणूस काढायचाय: बोटाने की माउसने?

नको ती गोष्ट फोटोतून काढायला आज दोन वाटा आहेत. फोनवर बोट फिरवायचं आणि मोकळी झालेली जागा ॲपवर सोपवायची. नाहीतर संगणकावर गिम्प हा फोटो सुधारायचा प्रोग्रॅम उघडून त्यातली क्लोन आणि हील ही अवजारं घेऊन बसायचं. पैशांचा प्रश्न फारसा उरलेला नाही. गिम्प पहिल्यापासून फुकट. 2021 मध्ये पिक्सेल 6 फोनबरोबर आलेला गूगलचा बोटाने पुसायचा मॅजिक इरेजरही 2024 पासून बिनावर्गणीचा झाला.

आभाळावरची विजेची तार, वाळूतलं वेफर्सचं पाकीट, गवतातली बाटली असं काही असेल तर फोनच बरा. दहा सेकंदांचं काम, त्यासाठी संगणक कशाला सुरू करायचा? फक्त माणूस काढताना त्याची सावलीही बोटाखाली घ्या.

माझं गाडं अडलं ते जेजुरीला. आई दीपमाळेपाशी उभी, आणि मागे सेल्फी काढणारा एक लाल टोपीवाला. माझ्या फोनवरच्या ॲपने (नाव राहू दे) टोपीवाला झटक्यात घालवला. पण त्याच्या जागी दीपमाळेला दिवे ठेवायचे दोन हात जास्तीचे फुटले! पुन्हा केलं तर एकच हात आला, तोही तिरका. तिसऱ्यांदा दगडाचा पिठल्यासारखा गोळा. आईने फोटो लांब धरून पाहिला आणि म्हणाली, “ही आपली दीपमाळ नव्हे.”

चूक झाली याचं मला एवढं वाटलं नाही. “बाबा रे, इथला दगड घे, तिथला नको” हे त्या ॲपला सांगायची सोयच नव्हती, त्याचा वैताग आला. पुन्हा पुन्हा खोडायचं आणि या वेळी काय निघतंय ते बघायचं, म्हणजे सोडतीचं तिकीटच की!

गिम्पमध्ये क्लोन घेतला की कंट्रोल दाबून जिथे क्लिक कराल तिथला नमुना उचलला जातो, आणि मग ब्रश फिरवाल तिथे तो उमटतो. मी त्याच दीपमाळेच्या दुसऱ्या अंगाचा दगड उचलला. हील हाही तसाच चालतो, पण तो आजूबाजूचा रंग मिसळून घेतो. त्यामुळे भंडाऱ्याने पिवळ्या झालेल्या पायरीजवळ हील फिरवला तर पिवळा रंग दगडावर ओघळतो. कडेला क्लोन आणि मधल्या सपाट भागात हील, एवढं माझ्या हाताला जमलं. क्लोन करताना वर एक रिकामा लेयर, म्हणजे कोरा थर घेऊन, ‘सॅम्पल मर्ज्ड’वर (म्हणजे नमुना खालच्या थरांतूनही घे) खूण करून त्यावरच रंगवलं की मूळ फोटोला धक्का लागत नाही.

याला चाळीसेक मिनिटं गेली, हे कबूल. शिवाय नवख्या माणसाला हटकून चकवणारी एक गोष्ट आहे: ‘सेव्ह’ केलं की गिम्पची स्वतःची एक्ससीएफ फाइल मिळते, जेपीजी हवं तर ‘एक्सपोर्ट’ करावं लागतं. रोज वीस फोटो साफ करणाऱ्याला मी गिम्प सुचवणार नाही. त्याने खुशाल बोट फिरवावं. पण भिंतीवर लागणारा एखादाच फोटो असेल आणि मागे घडीव दगड, जाळी किंवा साडीचे काठ असतील, तर निदान एक संध्याकाळ गिम्पला देऊन पाहा, असं आपलं मला वाटतं.

तो फोटो आता आमच्या बैठकीत लागलाय. टोपीवाल्याची सावली काढायची मीच विसरलो. फरसबंदीवर ती अजून तशीच आहे, आईच्या लक्षात आलेली नाही.